सिन्नरच्या काचेतले बर्फाचे बूट

मित्रांनो, मी बर्फावर चालायचा बूट आहे आणि राहतो सिन्नरला. हसा, खुशाल हसा. इथं येणारं प्रत्येक माणूस हसतं. बाजाराच्या दिवशी आलेली मंडळी दुकानाच्या काचेला नाक लावून मला बघतात आणि विचारतात, "हे काय, चंद्रावर जायचे बूट का?" मला त्यांचा राग येत नाही. एप्रिलमध्ये जिथं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथं मी आपली ओळख काय म्हणून करून देणार?

आम्ही तसे दोघे आहोत. मी उजवा आणि शेजारी माझा भाऊ, डावा. तो जन्मतः अबोल आहे, त्यामुळे दोघांची हकिकत मलाच सांगावी लागते. वयानं म्हणाल तर आम्ही फार जुने नाही. पण वापरून जुनं होण्यात एक समाधान असतं, ते आमच्या वाट्याला आलं नाही. आम्ही नुसतेच जुने झालो.

माझा जन्म फार लांबचा. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी एका गावात बुटांचा कारखाना आहे, तिथं मी घडलो. गरम प्लॅस्टिक साच्यात ओतून माझं टणक कवच बनवलं. आत बसेल असा एक मऊ, जाड अस्तराचा बूट वेगळा शिवला. तो हवा तेव्हा बाहेर काढता येतो. पुढच्या बाजूला धातूची बकलं लावली आणि टाचेच्या वर मागे एक खटका बसवला. खटका सोडला की घोटा मोकळा होतो आणि माणसाला डोंगर चढता येतो. खटका लावला की घोटा जखडला जातो आणि मग उतारावरून घसरत यायचं. स्कीच्या लांब पट्ट्यांवर उभं राहून बर्फाचा डोंगर आधी आपल्या पायांनी चढायचा आणि मग उतरायचा, असा हा खेळ आहे. त्यासाठीच माझा जन्म.

आमच्यासारखा बूट निवडताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे माप. साधा बूट थोडा सैल असला तरी माणूस निभावून नेतो. माझ्यात पाय घालून सरळ उभं राहिलं, तर बोटं पुढच्या भिंतीला जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती आपोआप किंचित मागे सरतात. टाच मात्र जागची हलता कामा नये. दुसरी गोष्ट म्हणजे ताठपणा. नडगीनं पुढे रेटल्यावर बूट किती वाकतो, याचा प्रत्येक बुटाला एक आकडा दिलेला असतो. वजनदार माणसाला ताठ बूट चालतो, हलक्या माणसाला जरा नमतं घेणारा लागतो. मी ताठ निघालो, चांगलाच ताठ. कारखान्यात त्याचं कौतुक झालं आणि मीही फुशारलो. खोक्यात पडल्या पडल्या मी त्या पायाची वाट बघू लागलो, जो कधीतरी माझ्यात उतरणार होता.

तो पाय हर्षालीचा, असं ठरलं होतं. पण ठरवलं तिच्या वडिलांनी.

तिचे वडील सोमनाथ आप्पा. सिन्नरच्या स्टँडाजवळ त्यांचं चपलांचं दुकान आहे, 'हर्षाली फूटवेअर'. मुलगी जन्मली त्याच वर्षी दुकान निघालं, म्हणून पाटीवर तिचं नाव. दुकानात एक बुटकं स्टूल आहे. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की आप्पा स्टुलावर बसतात, त्याचा पाय आपल्या हातात घेतात, बूट चढवतात आणि टोकाशी अंगठा दाबून बघतात. मग विचारतात, "लागतंय का कुठं?" गिऱ्हाईकानं तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देऊन टाकतात. "नाय लागत. अंगठाभर जागा हाय. पुढच्या सालीबी येईल." अर्ध्या सिन्नरची पोरं ही अंगठाभर जागा पायात वागवत शाळेत गेली आहेत. बूट फारच मोठा झाला तर पुढे कापसाचा बोळा. वाढतं पाऊल आहे, जोड लगेच तोकडा पडू नये, एवढीच त्यामागे माया. त्यात चूक काढावी असं मलाही वाटत नाही. पण हर्षाली सत्तावीस वर्षांची होती, तिचं पाऊल वाढायचं कधीच थांबलं होतं.

ती अंबडच्या एका कंपनीत यंत्रांचे सुटे भाग तपासायच्या कामावर होती आणि नाशिकला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. सुटी मिळाली की डोंगर. आड झाला, पट्टा झाला, हरिहर तर किती वेळा झाला. मग एका हिवाळ्यात ती हिमाचलात जाऊन तिथले भाड्याचे बूट घालून स्की शिकून आली. परत आली ती वेडी होऊनच. पुढच्या वर्षी तिला मोठ्या सफरीवर जायचं होतं, रोज चढ आणि रोज उतार असलेल्या. आप्पांनी ते ऐकलं आणि बोलणंच टाकलं. "एकुलती एक हाय, बर्फात गाडली गेली तर कुठं हुडकू?" असं ते बायकोला, उज्वलाताईंना म्हणत. हर्षालीशी मात्र एक शब्द नाही.

आणि मग एके दिवशी आप्पांनी आपणहून दिल्लीच्या एका दुकानदाराला फोन केला. ती हकिकत त्यांनी नंतर गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितली, की मला पाठ झाली आहे. दुकानदारानं पायाची लांबी विचारली. आप्पांनी लेकीची घरी पडलेली चप्पल मोजली, त्यात सवयीनं अंगठाभर जागा धरली आणि जाड मोजे घालावे लागतात असं ऐकलं होतं म्हणून वर आणखी थोडी. दुकानदारानं वजन विचारलं, तेव्हा आप्पा उखडले. "बूट घ्यायचेत का पोतं भरायचंय? सगळ्यात दणकट हायेत ते द्या." त्यानं बिचाऱ्यानं सांगितलं तेच दिलं. अशा रीतीनं मी, हर्षालीच्या पायापेक्षा दोन नंबर मोठा आणि तिच्या हलक्या वजनाला न वाकणारा, सिन्नरला येऊन पोचलो.

तो दिवस मला नीट आठवतो. आप्पांनी दुकानातलं स्टूल खास घरी आणलं होतं. हर्षाली खुर्चीत बसली. खोकं उघडलं तेव्हा तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला वाटलं, आता आपलं आयुष्य मार्गी लागलं. मग तिचा पाय माझ्यात उतरला.

मित्रांनो, रिकाम्या डब्यात एकच लाडू ठेवून डबा हलवावा, तसा तो पाय माझ्यात हलला. तिला ते तत्क्षणी कळलं. भाड्याचे का होईना, योग्य मापाचे बूट तिनं घातले होते. आप्पांनी बकलं आवळली, टोकाशी अंगठा दाबला, आणि कधी नव्हे ते उत्तर न देता तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"लागतंय का गं कुठं?"

हर्षालीनं त्यांच्याकडे पाहिलं. इतके दिवस न बोललेला बाप समोर स्टुलावर बसून तिचा पाय मांडीवर घेऊन विचारत होता. हे बूट म्हणजे त्यांचा होकार होता, हे माझ्यासारख्या प्लॅस्टिकच्या जिवालाही समजत होतं. मग तिला समजणार नाही का?

"नाही आप्पा," ती म्हणाली. "बरोबर बसलेत."

"बघ," आप्पा उज्वलाताईंना म्हणाले, "नुसत्या चपलेवरनं माप घेतलंय."

हिमाचलात माझ्या वाट्याला एक सकाळ आली. फक्त एक. तिनं दोन जाड मोजे चढवले, पुढे कापूस कोंबला, बकलं शेवटच्या खाचेपर्यंत आवळली. चढताना प्रत्येक पावलाला तिची टाच वर उचलली जायची आणि परत माझ्यावर घासत खाली यायची. मला ते थांबवता येईना. मी माझ्या मापाचाच होतो, लहान कसा होणार? उतरताना तर त्याहून वाईट. ती नडगीनं पुढे रेटायची आणि मी ढिम्म. वाकायला हवं होतं, वाकता येत नव्हतं. ज्या ताठपणाचा मला गर्व होता त्यानंच तिला तीनदा तोंडघशी पाडलं. तिसऱ्यांदा ती उठली नाही, तशीच बर्फात बसून राहिली.

तिच्या गटाला शिकवणारे उस्ताद खाली आले. त्यांनी तिला बूट काढायला लावला. मोज्याची टाच लाल झाली होती.

"मॅडम, ये नाप किसने लिया?"

"पापा ने."

उस्तादांनी मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "तो पापा को ही पहना दो. आप दूसरा लो, नहीं तो कल से नीचे बैठना पड़ेगा."

तिनं दुसरे घेतले. भाड्याचे, ओरखडे पडलेले, एका बकलाच्या जागी दोरी बांधलेले. मी खोलीत बाकाखाली राहिलो. रोज सकाळी सगळे बूट खडखडत बाहेर पडायचे आणि खोलीत मी आणि माझा भाऊ, दोघंच उरायचो. संध्याकाळी ती परतायची. तिचं नाक उन्हानं सोललेलं आणि चेहरा आनंदानं फुललेला असे. त्या भाड्याच्या बुटांवरचा बर्फ वितळून पाण्याचा ओघळ बाकाखाली माझ्यापर्यंत यायचा. मला त्या बुटांचा हेवा वाटे. त्याहून जास्त वाईट वाटे ते तिचं, कारण झोपण्याआधी ती एकदा बाकाखाली बघायची आणि लगेच मान फिरवायची.

घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "कसे निघाले बूट?"

"एकदम भारी, आप्पा. सगळे विचारत होते, कुठून घेतले म्हणून."

आप्पा खूश झाले. दुसऱ्या दिवशी साफसूफ करायला म्हणून त्यांनी मला दुकानात नेलं. आणि तिथं घात झाला. चपलाबुटांच्या दुकानात जन्म घालवलेल्या माणसापासून बूट काय लपवणार? त्यांनी आत हात घातला. पाय बरेच दिवस वावरला की आतल्या तळव्यावर बोटांचे ठसे उमटतात. माझा तळवा कोरा होता. त्यांनी पुन्हा चाचपून पाहिलं. मग मला नाकाशी नेलं. घामाचा वास नाही, कुबट वास नाही, कारखान्यातून आलेला नव्याचा वास अजून तसाच. माझ्या भावालाही त्यांनी हुंगून पाहिलं. मग ते त्यांच्या स्टुलावर बसले.

त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. आमच्या पोटात जुनी वर्तमानपत्रं कोंबली आणि आम्हाला दर्शनी काचेत मांडलं. कुणी विचारलं तर सांगायचे, "लेकीचे हायेत. बर्फात घालून आली." प्रत्येक वेळी तेच, तितक्याच झोकात. ते खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. मला कान झाकून घ्यावेसे वाटायचे, पण बुटाला फक्त तोंड असतं आणि त्या तोंडात रद्दी.

काचेतलं आयुष्य फार एकटं असतं हो. जूनमध्ये माझ्या आजूबाजूचे शाळेचे काळे बूट भराभरा घरोघरी जातात. पाऊस लागला की गमबूट जातात. लग्नसराईत चकचकीत सँडल येतात आणि टिकायच्या आत संपतात. शेजार असा सारखा बदलत राहतो. मी कुणाशी ओळख वाढवणंच सोडून दिलं. ऊन माझ्या एका बाजूवर पडतं, त्यामुळे तिकडचा निळा रंग विटला. सगळ्यात जास्त टोचायचं ते वेगळंच. हर्षाली दुकानात यायची तेव्हा काचेकडे पाठ करून उभी राहायची, आणि आप्पा तिला डोंगराबद्दल काही विचारायचे नाहीत. पूर्वी विचारायचे, निदान भांडायचे तरी. आता पाऊसपाणी, आईची गुडघेदुखी, जेवलीस का, एवढंच. दोघांच्या मध्ये मी उभा होतो आणि दोघंही मला वळसा घालून बोलत होते.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा निघाली. "बूट तिकडंच मिळतात भाड्यानं," ती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली. "एवढं ओझं कशाला न्यायचं?"

"बरं," आप्पा म्हणाले आणि गल्ल्यावरची धूळ पुसू लागले. तिथं धूळ नव्हती.

त्यानंतरच्या एप्रिलातली गोष्ट. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आप्पा गेले काही दिवस मोबाइल लांब धरून काहीतरी बघत होते. त्या दुपारी त्यांनी मला काचेतून काढलं, पोटातली रद्दी उपसली, मग आतला मऊ बूट ओढून बाहेर काढला. मोबाइलवर एक माणूस माप कसं घ्यावं ते दाखवत होता. नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती बोटं जातात ते बघायचं. दोन बोटांपेक्षा जास्त जागा उरली तर बूट मोठा. लेकीचा पाय काही हाताशी नव्हता. आप्पांनी आपलाच घातला, आणि मागे हात नेला.

दोन बोटं. बरोबर दोन.

त्यांनी मोबाइल बंद केला. "आरं तिच्या," ते स्वतःशीच म्हणाले. "मला व्हतोय. मला व्हतोय म्हणल्यावर तिला कसा व्हईल?"

पुढे त्यांनी जे केलं ते त्यांनी का केलं, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी आतला बूट परत बसवला, दोन्ही पाय आमच्यात घातले, बकलं लावली आणि उभे राहिले. मित्रांनो, मी तुम्हाला कसं सांगू! टाच माझ्या टाचेत चपखल बसली. बोटं पुढच्या भिंतीला टेकली. आप्पा तसे बुटके आणि अंगानं भरलेले. त्यांनी गुडघे वाकवले आणि नडगीचा रेटा आला तसा मी वाकलो. पहिल्यांदा वाकलो. माझा अबोल भाऊसुद्धा करकरला. इतके दिवस ज्या पायाची वाट बघितली तो पाय सिन्नरातच होता, रोज माझ्यासमोरून चपला फटफटवत जात होता. आप्पांनी खटका सोडला आणि त्या रणरणत्या दुपारी, अंगात बनियन आणि लेंगा, असे ते शाळेच्या बुटांच्या रांगेपासून गल्ल्यापर्यंत टकटक करत चालले. परत वळले तर दारात हर्षाली.

तिला त्या दिवशी अचानक सुटी मिळाली होती, म्हणून जीप पकडून आली होती. ती हसेल असं मला वाटलं. हसलीही, पण अर्धवट. आप्पा चोरी पकडल्यासारखे उभे. बूट लगेच काढताही येईनात.

"बसा," ती म्हणाली. आप्पा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. तिनं स्टूल ओढलं, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि माझ्या टोकाशी अंगठा दाबला.

"लागतंय का कुठं?"

"नाय," आप्पा म्हणाले. "बरोबर बसलेत."

"खरं सांगा."

"म्या खरंच सांगतोय. खोटं तू सांगितलं व्हतं."

तिनं माझं वरचं बकल सोडलं आणि पुन्हा लावलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बुटाला पायाचा वासच नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाय बोलली?"

हर्षालीनं आपली उजवी चप्पल काढली आणि पाय वळवून टाच दाखवली. टाचेच्या वर एक रुपयाएवढा डाग होता, कातडी तिथं अजून गुलाबी आणि चकचकीत होती. माझंच काम ते. आप्पांनी वाकून त्यावर अंगठा ठेवला, अगदी हलकेच.

"लय लागलं का गं?"

या वेळी ते थांबले. उत्तर त्यांनी स्वतः दिलं नाही.

"हो आप्पा," ती म्हणाली. "खूप लागलं होतं." आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची ती मुलगी लहान पोरीसारखी रडायला लागली. आप्पांचा एक पाय माझ्यात, दुसरा माझ्या भावात, त्यामुळे त्यांना धड उठताही येईना. ते तसेच पुढे वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

दिवाळीनंतर नवा जोड आला. या खेपेला फोनवर आप्पा लेकीला शेजारी बसवून बोलले. दुकानदारानं वजन विचारलं, ते त्यांनी मुकाट्यानं तिला विचारून सांगितलं. तो जोड लहानसर आहे, नमतं घेणारा. चार दिवस माझ्या शेजारी काचेत होता. चांगला आहे बिचारा. आत्ता तो हिमाचलात आहे.

जाताना हर्षाली म्हणाली होती, "आप्पा, तुमचे बूट आहेत की. चला."

"दुकान कोन बघनार?" आप्पा म्हणाले. तेव्हा मी अजून इथंच आहे. बर्फ पुन्हा दिसेल की नाही, कुणास ठाऊक. संध्याकाळी फळ्या लागल्या की मला अजूनही एकटं वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घेणं अवघड नाही. भिजलो तर आतलं अस्तर काढून सावलीत वाळवा, उन्हात ठेवू नका, बकलं हलकेच लावून ठेवा. पण त्याच्या आधीची एक गोष्ट आहे. प्रेमानं कुणी पुढ्यात काही आणून ठेवलं आणि लागतंय का म्हणून विचारलं, तर लागत असेल तेव्हा लागतंय म्हणा. आणि विचारणाऱ्यांनो, उत्तर ऐकेपर्यंत अंगठा उचलू नका.

आप्पा आता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत थांबतात. त्यामुळे दुकानात वेळ जास्त लागतो, अशी लोकांची तक्रार आहे. दुपारी सामसूम झाली की कधीकधी ते मला काचेतून काढतात, पायात घालतात आणि गल्ल्यापर्यंत दोन फेऱ्या मारतात. मग पुसून परत ठेवतात. हल्ली ठेवताना माझ्या पोटात रद्दी मात्र कोंबत नाहीत.